कोळसा हाच टायमर: स्लो कुकर घेण्याआधी डॉ. इंदुमाधव मल्लिक यांना ओळखा

शॉपिंग ॲपवर ‘प्रोग्रॅमेबल स्लो कुकर’ असं टाकलं की फीचर्सचा पाऊस पडतो. डिजिटल टायमर, डिले स्टार्ट, कीप वॉर्म, दहा-बारा मोड, काचेचं झाकण, सिरॅमिकचं भांडं. जाहिरात एकच गोष्ट सांगते: सकाळी सगळं आत टाका, बटण दाबा, संध्याकाळी गरम जेवण तयार. ऐकायला एकदम नवीन वाटतं, पण भारतात ही कल्पना ११० वर्षांहून जुनी आहे. १९१० मध्ये कलकत्त्यातल्या एका डॉक्टरांनी हेच काम करणारं यंत्र बनवलं होतं. त्यात वीज नव्हती, चिप नव्हती, स्क्रीन नव्हता. तरी ते प्रोग्रॅम करता यायचं.

त्या डॉक्टरांचं नाव इंदुमाधव मल्लिक आणि यंत्राचं नाव इकमिक कुकर. बंगालमध्ये हे नाव आजही लोकांना माहीत आहे, आपल्याकडे फारसं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे नवीन गॅजेट दिसलं की आधी त्याचं स्पेसिफिकेशन वाचतो. पण स्लो कुकरच्या बाबतीत मला स्पेसिफिकेशनपेक्षा या माणसाच्या आयुष्यातून जास्त कळलं. म्हणून आज आधी त्यांची गोष्ट, आणि मग कुकर कसा निवडायचा ते.

एकच माणूस, किती विषय!

इंदुमाधव यांचा जन्म १८६९ चा, हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाडा या गावचा. मराठी वाचकांना हे साल लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण आपले लक्ष्मणराव किर्लोस्करही १८६९ चेच. पुढे १९१० मध्ये इंदुमाधव यांचा कुकर आला आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. दोघांची कधी गाठ पडली म्हणून हे सांगत नाहीये. इंग्रजांच्या राज्यात, बाहेरून आलेल्या यंत्रांकडे बघत, आपल्या लोकांच्या रोजच्या अडचणीसाठी आपण काहीतरी घडवावं असं वाटणारी एक पिढीच तेव्हा तयार होत होती. शेतकऱ्याची अडचण लोखंडी नांगराने सुटली. इंदुमाधव यांनी हात घातला तो स्वयंपाकघरात.

त्यांचं शिक्षण वाचताना मात्र आपण दमतो. आधी तत्त्वज्ञानात एमए, मग भौतिकशास्त्रात. त्यानंतर कायद्याची पदवी. मग सजीवांचा अभ्यास. आणि हे सगळं झाल्यावर वैद्यकीय शिक्षण. १९०८ मध्ये ते एमडी झाले, तेव्हा वयाची चाळिशी जवळ आली होती. मधल्या काळात कलकत्त्याच्या बंगबासी कॉलेजात त्यांनी शिकवलंही. आजच्या भाषेत सांगायचं तर लिंक्डइनवर असं प्रोफाइल दिसलं असतं तर एचआरवाल्याने विचारलं असतं, साहेब, तुमचं नेमकं फील्ड कोणतं?

पण त्या वेळच्या कलकत्त्यात हे इतकं विचित्र नव्हतं. जगदीशचंद्र बोस बिनतारी लहरींवर काम करून पुढे वनस्पतींकडे वळले होते. प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र शिकवत होते आणि औषधांचा कारखानाही चालवत होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली आणि आपल्या देशात वस्तू बनवणं हा अभिमानाचा विषय झाला.

डॉक्टर म्हणूनही इंदुमाधव नव्या गोष्टींच्या मागे असायचे. भारतात ऑटोव्हॅक्सिन वापरणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतात. ऑटोव्हॅक्सिन म्हणजे रुग्णाच्याच शरीरातले जंतू घ्यायचे, ते निष्प्रभ करायचे आणि त्यांचीच लस करून त्याच रुग्णाला द्यायची. अँटिबायोटिक्स अजून आली नव्हती, त्या काळातली ही धडपड. त्यांना प्रवासाचीही ओढ होती. ते चीनला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं.

भौतिकशास्त्र येतं, जंतू माहीत आहेत, आणि घराबाहेर पडलेल्या माणसाचे जेवणाचे हाल स्वतः बघितले आहेत. या तीन गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या आणि कुकर जन्माला आला.

कलकत्त्याचा प्रश्न, मुंबईचं उत्तर

प्रश्न काय होता ते नीट समजून घेऊ. गावातून शहरात नोकरीला किंवा शिकायला आलेला माणूस. खोली भाड्याची, घरचं कोणी सोबत नाही. सकाळी ऑफिस गाठायचं. जेवण कोण बनवणार? बाहेरचं खावं तर पटकी आणि विषमज्वर यांची भीती, कारण पाणी आणि हात स्वच्छ असतील याची खात्री नाही. त्यात कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या हातचं नाही, हे जातीचे नियम. स्वयंपाकी ठेवावा तर पगार परवडत नाही. स्वतः रांधावं तर चुलीपुढे बसून राहायला वेळ कुठे आहे?

हाच प्रश्न मुंबईतही होता. तिथे त्याचं उत्तर १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शोधलं. जेवण घरी बनेल, डबा माणूस पोचवेल. ते डबेवाले आपल्याला माहीत आहेत. म्हणजे मुंबईने जेवण हलवलं. कलकत्त्यात इंदुमाधव यांनी विचार केला तो वेगळ्या बाजूने: जेवण तिथेच राहू दे, माणसाला तिथून हलता आलं पाहिजे.

गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांत वस्तू जवळजवळ एकच आहे, एकावर एक रचलेले डबे. मुंबईत ते सायकलला आणि हातगाडीला लागले. कलकत्त्यात ते निखाऱ्यावर उभे राहिले.

ही चळतीची कल्पना त्यांना पुरीच्या जगन्नाथ मंदिरात सुचली असं सांगतात. तिथे महाप्रसाद मातीच्या मडक्यांत शिजतो आणि मडकी एकावर एक रचलेली असतात. खाली एकच जाळ, वर अनेक भांडी. पुरीला गेलेल्या लाखो लोकांनी ही रचना बघून हात जोडले असतील. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली: एका आगीची उष्णता अनेक भांड्यांना पुरवता येते.

इकमिक आतून कसा चालायचा

बाहेरून बघितलं तर एक उभं नळकांडं. तळाशी कोळशाची छोटी शेगडी. वर, आतल्या भागात थोडं पाणी आणि डब्यांची चळत. एका डब्यात तांदूळ, एकात डाळ, एकात भाजी किंवा मटण. झाकण बंद करायचं, कोळसा पेटवायचा, आणि आपल्या कामाला निघून जायचं. पाण्याची वाफ होते, ती डब्यांभोवती फिरते आणि सगळे डबे एकदम शिजतात. परत येईपर्यंत जेवण तयार आणि बंद नळकांड्यामुळे गरमही.

आता यातली इंजिनिअरिंगची मजा बघा. आजच्या प्रोग्रॅमेबल कुकरमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात: थर्मोस्टॅट, टायमर आणि कीप वॉर्म. इकमिकमध्ये तिन्ही होत्या.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी. समुद्रसपाटीजवळ उघड्या हवेच्या दाबाला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यानंतर कितीही जाळ घाला, पाणी आहे तोवर वाफ १०० च्या वर जात नाही. जादाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून वाफेवरचं अन्न करपत नाही. आणि १०० अंशांवर तासभर राहिलेल्या अन्नात पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू जगत नाही. इथे डॉक्टर इंदुमाधव आणि भौतिकशास्त्रवाले इंदुमाधव एकत्र काम करताना दिसतात.

टायमर म्हणजे कोळसा. किती कोळसा घातला त्यावर तो किती वेळ जळणार हे ठरतं. जळून संपला की गॅस बंद करायला कोणी लागत नाही. मोजून घातलेला कोळसा हाच प्रोग्रॅम, आणि तो लिहायला हाताचा अंदाज पुरे.

कीप वॉर्म म्हणजे बंद नळकांडं. आतली गरम हवा आणि वाफ लगेच बाहेर जात नाही, त्यामुळे आच विझल्यावरही अन्न हळूहळूच थंड होतं.

फक्त एक अट पाळावी लागते: कोळसा पाण्याच्या आधी संपला पाहिजे. पाणी आधी आटलं तर थर्मोस्टॅट गेला आणि जेवण करपलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रेस कंडिशन म्हणतो. दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि कोणती आधी संपते यावर निकाल ठरतो. ही शर्यत कठीण आहे का, म्हणून मी कागदावर हिशोब मांडून बघितला. १०० ग्रॅम चांगल्या कोळशातून साधारण २.९ मेगाज्यूल उष्णता निघते, म्हणजे विजेच्या सुमारे ०.८ युनिटएवढी. त्यातली एक तृतीयांश जरी अन्नापर्यंत पोचली असं धरलं, तरी जवळपास १ मेगाज्यूल मिळते. दोन किलो अन्न-पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ०.६३ मेगाज्यूल पुरते. उरलेल्या उष्णतेत जेमतेम १५० मिलिलिटर पाण्याची वाफ होईल. म्हणजे तळाला दोन पेले पाणी असलं तरी कोळसाच आधी हरतो. एकदा माप ठरलं की यंत्र स्वतःला सांभाळतं.

इकमिक हे नाव हायजिनिक आणि इकॉनॉमिक या दोन इंग्रजी शब्दांच्या शेपट्या जोडून तयार झालं असं म्हणतात. स्वच्छ आणि स्वस्त. आजच्या स्टार्टअपला शोभेल असं ब्रँडिंग.

कोणाचा वेळ वाचला?

इकमिक कुकर लोकप्रिय झाला. एकटे राहणारे नोकरदार, मेसमध्ये राहणारे विद्यार्थी, लांबचा प्रवास करणारे लोक तो सोबत ठेवायचे. बंगालच्या बाहेरही तो पोचला.

ही यादी पुन्हा वाचा. यात बहुतेक पुरुष आहेत, घरापासून दूर असलेले. ज्या घरात रांधायला बाई होती, तिथे चूल तशीच राहिली आणि धूरही तसाच राहिला. यंत्र चांगलं होतं, वेळ वाचवणारं होतं, पण बाईच्या वेळेची किंमत घरात कोणी मोजतच नव्हतं, त्यामुळे तो वाचवण्यासाठी पैसे कशाला खर्च करायचे? हा दोष इंदुमाधव यांच्या माथी मारता येणार नाही. तंत्रज्ञान कोणासाठी विकत घेतलं जातं हे घर ठरवतं, आणि त्या काळच्या घराने ते असं ठरवलं.

मे १९१७ मध्ये इंदुमाधव गेले. वय अवघं ४७. कुकर येऊन सातच वर्षं झाली होती. त्यांनी आयुष्यात जे विषय शिकले त्यातल्या कशावरही लोकांनी त्यांना तितकं लक्षात ठेवलं नाही, जितकं या डब्यांच्या चळतीवर.

त्यांच्या नंतर काय झालं

तिकडे अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या इंजिनिअरने १९३६ मध्ये विजेच्या एका भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये त्यांना ते मिळालं. मागची गोष्ट त्यांच्या आईकडची. पूर्व युरोपातल्या ज्यू वस्तीत शनिवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी आग पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी घेवडा आणि मटणाचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून द्यायचे. रात्रभर मंद आचेवर ते शिजायचं. नॅक्सन यांनी त्या भट्टीच्या जागी भांड्याभोवती विजेची तार गुंडाळली. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडं बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं. आजचा स्लो कुकर तो हाच.

जपानमध्ये १९५५ साली तोशिबाचा इलेक्ट्रिक राइस कुकर आला. त्यात पाणीच घड्याळाचं काम करायचं. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान १०० च्या वर जायचं, धातूची एक पट्टी वाकायची आणि स्विच बंद व्हायचा. कोळसा सोडला तर विचार इकमिकच्याच घराण्यातला.

भारतात मात्र १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर आला आणि इकमिक मागे पडला. दाब वाढला की पाणी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ वीस मिनिटांत शिजते. वेग जिंकला. पण एक गोष्ट उलटी गेली, ती सहसा कोणी बोलत नाही. प्रेशर कुकर सोडून जाता येत नाही. शिट्ट्या मोजायला कोणीतरी लागतं. तिथे टायमर म्हणजे माणूस, आणि बहुतेक घरांत आई.

महाराष्ट्रात ही जुनी कल्पना पुन्हा जिवंत झाली ती पुण्यात. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची पद्धत काढली. २००२ मध्ये त्यासाठी संस्थेला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच कोळशाच्या कांड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर त्यांनी बनवला. स्टीलचं नळकांडं, आत डबे, खाली सुमारे १०० ग्रॅम कोळसा. पेटवा आणि शेतावर जा. इंदुमाधव यांनी बघताक्षणी ओळखला असता.

आता शेणव्यात कोणता घ्यायचा?

माझं गाव शेणवा, शहापूर तालुक्यात. आमच्याकडून मुंबईला पाणी जातं, तानसा, वैतरणा, भातसा सगळे आमच्याच तालुक्याच्या आसपास, आणि माणसंही जातात. सकाळी आसनगाव स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची, ठाणे किंवा मुंबई. माझी एक वहिनीही अशीच जाते. संध्याकाळी घरी पोचली की पर्स ठेवून थेट ओट्यापाशी. तिने मला विचारलं, भाऊजी, तुम्ही सगळं बघत असता, मला एक चांगला स्लो कुकर सांगा ना, प्रोग्रॅमवाला.

मी तिच्यासाठी जी यादी केली ती खाली देतोय. प्रत्येक मुद्द्याला मी इंदुमाधव यांचा एकच प्रश्न लावला: हे चालू करून माणूस निर्धास्त निघून जाऊ शकतो का?

१. लाईट गेली तर काय? आपल्या भागासाठी हा पहिला प्रश्न, किंमत दुसरी. बरेच डिजिटल कुकर लाईट जाऊन आली की बंदच राहतात, प्रोग्रॅम विसरतात. काहींमध्ये पॉवर मेमरी असते, ते थोड्या वेळाची खंड सांभाळून पुढे चालू होतात. साधा गोल बटणाचा लो-हाय-वॉर्म कुकर मात्र लाईट आली की आपोआप चालू होतो, कारण त्याला विसरायला काही नाहीच. म्हणजे जिथे वीज जाते-येते तिथे स्वस्तातला कुकर महागड्यापेक्षा भरवशाचा ठरू शकतो. पण तुमच्या मागे लाईट किती वेळ गेली होती हे माहीत नसेल तर ते अन्न खाऊ नका, वरून शिजलेलं दिसलं तरी. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वेगाने वाढतात.

२. शिजल्यावर स्वतःहून वॉर्मवर जातो का? प्रोग्रॅमेबल कुकरचा खरा उपयोग हा. सहा तासांत डाळ झाली आणि तुमची लोकल लेट झाली, तरी अन्न गाळ होत नाही. साध्या बटणाच्या कुकरमध्ये हे नसतं. मुद्दा १ आणि मुद्दा २ मध्ये ओढाताण आहे, म्हणून पॉवर मेमरी आणि ऑटो वॉर्म दोन्ही असलेलं मॉडेल मिळालं तर सोनंच.

३. डिले स्टार्टला भुलू नका. सकाळी कच्चं चिकन आत टाकून दुपारी दोनला चालू होईल असं लावणं म्हणजे ते चार-पाच तास उन्हाळ्यात बाहेर ठेवणं. मांसाहारी आणि दुधाच्या पदार्थांना दोन तासांपेक्षा जास्त डिले नको.

४. साइज. चार-पाच माणसांना ४.५ ते ६ लिटर. भांडं अर्धं ते दोन तृतीयांश भरलेलं हवं. फार रिकामं असेल तर करपतं, काठोकाठ भरलं तर नीट तापत नाही.

५. वीज. बहुतेक कुकर २०० ते ३०० वॉटचे असतात. २०० वॉट आठ तास म्हणजे जास्तीत जास्त १.६ युनिट. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतो. पण इन्व्हर्टरवर विसंबू नका. घरच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावरच १.८ युनिट असतात, कुकर लावला तर रात्री पंखा बंद. आणि नुसतं बिल वाचेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. रोजच्या वरणाला प्रेशर कुकरच स्वस्त पडतो. इथे वाचतो तो वेळ.

६. परदेशातून कोणी आणून देतो म्हणाला तर व्होल्टेज बघा. अमेरिकेतला कुकर ११०-१२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या प्लगमध्ये लावला की जळणार.

७. मल्टिकुकरमधला स्लो कुक मोड. तो खालूनच तापवतो, खऱ्या स्लो कुकरसारखा चहूबाजूंनी नाही. चालतो, पण फरक पडतो. आधीच प्रेशर मल्टिकुकर घरात असेल तर नवीन घेण्याआधी महिनाभर तो मोड वापरून बघा.

काय शिजवायचं? सोललेल्या वालाचं बिरडं, हरभरे, मटणाचा रस्सा, पाया, घट्ट आमटी, हे मस्त होतं. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, कारण झाकणाखाली ते आटत नाही. फोडणी वेगळी करून शेवटी द्या. भात आणि पालेभाजी यात नको. राजमा तर थेट कधीच नको. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते स्लो कुकरच्या मंद तापमानाला मरत नाही. आधी पाच-सहा तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये घाला.

आणि कोळशावरचा कुकर घ्यावासा वाटला, जिथे लाईटचा भरवसाच नाही तिथे तो खरंच चांगला पर्याय आहे, तर तो अंगणात किंवा पडवीत पेटवा. बंद खोलीत कधीही नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेत जीव जातो.

एक गोष्ट कुठलाच कुकर करणार नाही: भाकरी. इंदुमाधव यांची माणसं भात खाणारी, त्यांचं जेवण डब्यात मावलं. आमच्याकडे भातशेती आहे, भात रोजचा, पण तांदळाची भाकरीही लागते. रस्सा कुकरने केला तरी भाकऱ्या कोणी थापायच्या हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं, त्याला ॲप नाही. वहिनीला मी यादीसोबत हेही सांगितलं, आणि दादा समोर बसलेला असताना सांगितलं.

घेतल्यावर पहिल्याच रविवारी दोन चाचण्या करा. भांडं अर्धं पाण्याने भरा आणि आठ तास लो वर ठेवा. झाकण उघडल्या उघडल्या किचन थर्मामीटरने तापमान बघा. ८५ ते ९३ अंश हवं. त्याहून बरंच कमी आलं तर कुकर परत करा, त्यात अन्न सुरक्षित शिजणार नाही. फार जास्त आलं तर तो लोवरही जोरात शिजवतोय, वेळ कमी लावा. दुसरी चाचणी: प्रोग्रॅम चालू असताना भिंतीवरचा स्विच दोन मिनिटं बंद करा आणि पुन्हा चालू करा. स्क्रीनवर उरलेली वेळ दिसली तर ठीक. नुसता शून्य लुकलुकत असेल, तर रिटर्नची मुदत संपायच्या आत ठरवा.